गव्हाणीवरची बैठक

आमच्या पहिल्या बिऱ्हाडाच्या भिंतीत गव्हाण होती. ज्यांनी गुरं लांबूनच पाहिलीत त्यांच्यासाठी सांगते, गव्हाण म्हणजे गाईबैलांना वैरण टाकायचा हौद. आमची चांगली दगडामातीची होती, गुडघ्याच्या वर येणारी, मागच्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत चिकटलेली. तिच्या वर भिंतीत दावं बांधायची लोखंडी कडी. ही कडी सोन्याची असल्यासारखी घट्ट बसवलेली होती. मी दोन्ही हातांनी लोंबकळूनसुद्धा पाहिलं, हलली नाही.

खोलीत गव्हाण कशी आली, असं तुम्ही विचाराल. गव्हाण कुठून येते, खोलीच नंतर आली. पन्नास सालानंतरचे ते दिवस. पिंपरीला रुळांपलीकडच्या माळावर कारखाने उठायला लागले होते, माणसं कुठून कुठून यायची आणि गावात खोली मिळायची मारामार. आमच्या घरमालकांनी गुरं परसात पत्र्याच्या छपराखाली हलवली, जुन्या गोठ्यात दोन आडभिंती घातल्या, पुढून तीन दारं काढली आणि तीन बिऱ्हाडं आत घेतली. आडभिंती घातल्या त्या गव्हाणीच्या अलीकडंच थांबल्या. त्यामुळं गव्हाण तिन्ही बिऱ्हाडांतून आगगाडीसारखी सरळ गेलेली. डावीकडच्या फिटरनं आपल्या वाट्याच्या डब्यात कोळसा भरला होता, उजवीकडच्यांनी कांदे. डावीकडून भुकटी आणि उजवीकडून वास, असं दोन्ही बाजूंनी न मागता मिळायचं. मधला डबा आमचा. रिकामा.

मी तालुक्याच्या गावची, वडील कचेरीत शिपाई. गाय म्हणजे रस्त्यातून बाजूला होईपर्यंत थांबावं लागतं ते जनावर, एवढीच माझी ओळख. पहिल्याच दिवशी मी ह्यांना म्हटलं, हे फोडून टाकू, चार हात जागा वाढेल. हे मालकांकडं विचारायला गेले. मालक ओसरीवर सुपारी कातरत बसलेले. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"गव्हाण फोडायची न्हाई," ते म्हणाले. "कारखान्याचं काय, आज हाय, उद्या उठून जाईल. मग माझी गुरं खानार कशात?"

हे ते अगदी मनापासून बोलत. दोन वर्षं, फार तर तीन, मग ही सगळी माणसं आपापल्या गावाला जाणार आणि गाईबैल आपल्या घरी येणार, असा त्यांचा हिशेब. तोवर आम्ही गुरांची जागा राखायची. म्हणून चुना लावायचा नाही, गुरांना उग्र वास चालत नाही. खिळा मारायचा नाही, उद्या गुरांच्या मानेला लागेल. बाकी काय हवं ते लावा. "फक्त जाताना आपसूक निघून आलं पायजे. भिंतीला कळता कामा न्हाई."

भिंतीला कळू न देता भिंत झाकायची, हे माझ्या संसाराचं पहिलं काम.

तसं मी ते मनावर घेतलं नसतं. फिटरसारखा कोळसा भरला असता आणि गप्प बसले असते. पण आमच्या आत्याबाई येणार होत्या. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. त्या फलटणकडच्या एका खेड्यात राहायच्या, घरची शेती, दावणीला सात-आठ जनावरं. ह्यांनी कारखान्यात नोकरी धरली तेव्हा त्या काही बोलल्या नाहीत. पण मला इकडं आणायची गोष्ट निघाली तेव्हा बोलल्या. त्या काळी रीतच होती, नवरा शहरात, खानावळीत जेवायचा, आणि बायको गावी सासूच्या हाताखाली. त्यांनी सरळ सांगितलं, आधी घर बघीन. घर म्हणण्यासारखं असेल तर सून राहील, नसेल तर माझ्याबरोबर माघारी येईल.

माझं लग्न होऊन आठ महिने झाले होते. त्यातले सहा मी गावी काढलेले, सात-आठ जनावरांच्या दावणीकडं पाठ करून चुलीशी. ह्यांच्याबरोबर म्हणाल तर दोनच महिने. मला माघारी जायचं नव्हतं. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, तेव्हा तसं बोलत नसत, पण जायचं नव्हतं.

आणि ह्यांनी आधीच पत्रात लिहून टाकलेलं, खोली पक्क्या दगडाची आहे, भिंतीला लागून बांधीव बैठक आहे.

"बैठक कुठं आहे?" मी विचारलं.

"ती काय," हे गव्हाणीकडं बोट करून म्हणाले.

"त्यात गुरं खातात."

"आपण वर बसू. मी काय खोटं लिहिलंय? बांधीव आहे, भिंतीला लागून आहे."

त्यांचं हे असंच. आत्याबाई यायला आठ दिवस उरलेले आणि माझ्याकडं एक हौद, एक कडी आणि न हलणारे मालक.

पहिल्यांदा पडदा केला. माझं एक जुनं हिरवं लुगडं होतं. खिळा तर मारायचा नाही, म्हणून दोन्ही आडभिंतींच्या मधोमध एक वेळू आडवा ताणून बसवला, टोकांना चिंध्या गुंडाळून, आणि त्यावर लुगडं सोडलं. लांबून पाहिलं तर बरं दिसलं. मग वारं आलं. आमच्या खोलीला खिडकी नव्हती पण कौलांतून वारं मुबलक. लुगडं फुगलं, खाली बसलं, परत फुगलं. हे जेवत होते. घास हातात धरून बघत राहिले आणि म्हणाले, "आता फक्त ढोलकी पाहिजे." खरंच, तमाशाच्या कनातीसारखं दिसत होतं, आतून कोण बाहेर येतंय याची वाट पाहावी असं. पडदा काढला.

मग ह्यांनी कारखान्यातून खोक्यांच्या फळ्या आणल्या. यंत्रं यायची त्या खोक्यांच्या, जाड, मजबूत. त्या गव्हाणीवर आडव्या टाकल्या. एकही खिळा नाही, नुसत्या बसवलेल्या. वर गोधडी, तिच्यावर माझ्या माहेरची चादर, दोन्ही टोकांना लोड. बैठक झाली. फळ्यांवर इंग्रजीत काळी अक्षरं होती. फिटरला थोडं इंग्रजी येई, त्याला विचारलं. तो म्हणाला, नाजूक माल आहे, जपून उचला, असं लिहिलंय. आत्याबाईंचं वजन बघता ते लागूही पडत होतं, पण अक्षरं आम्ही खालच्या बाजूला केली.

कडीचा प्रश्न सोपा निघाला. कडीत आरसा अडकवला. आरशाच्या वर रंगीत कागदाची फुलं. कडी आता कुणाच्या बापाला ओळखू येईना.

राहिली गव्हाणीची पुढची बाजू. म्हणजे बैठकीवर बसलेल्या माणसाचे पाय जिथं येतात ती. तिथं मातीचे पोपडे, खालच्या दगडाला गुरांनी चाटून चाटून आलेली चकाकी, आणि मधे एक खोलगट खड्डा, जिथं पिढ्यान्‌पिढ्या गुरांचे गुडघे टेकले असतील. यावर कागद चिकटवायचा असं ठरलं. खोक्यांतून निघालेला तपकिरी कागद ह्यांनी गुंडाळी भरून आणला. पण खळ कशाची करायची? गव्हाचं पीठ रेशनवर मिळायचं, ते भिंतीला कोण लावणार. मी मालकीणबाईंकडं गेले. मालकीणबाई भल्या होत्या. म्हणाल्या, पीठ कशाला, कोंडा ने. कोंडा शिजवायचा, त्यात काळा गूळ घालायचा, चांगलं चिकट होतं. त्यांनी स्वतःच मला टोपलीभर कोंडा दिला, खाली राहिलेला काळा गूळ दिला, वर थोडी पेंड टाकली, घट्टपणा येईल म्हणून.

मी ते मोठ्या पातेल्यात शिजवलं. दोन हात भरून भरून गव्हाणीला लावलं आणि वर कागद दाबला. एक थर दिला, तो सुकून सुरकुतला, म्हणून दुसरा दिला. दुसऱ्यावर तिसरा. काय सुंदर झालं म्हणून सांगू. तपकिरी, सपाट, लाकडाचं कपाट वाटावं असं. हे पाळी संपवून आले, दारातच थांबले आणि नाकानं मोठा श्वास घेतला.

"वास फार ओळखीचा येतोय," म्हणाले. "लहानपणचं काहीतरी आठवतंय. काय ते आठवत नाही."

मला वाटलं, आईच्या हातच्या लाडवांचं असेल.

आत्याबाई ठरल्या दिवशी आल्या. एस.टी.नं पुण्याला, तिथून आगगाडीनं पिंपरीला, आणि स्टेशनापासून डोक्यावर बोचकं घेऊन चालत. ह्यांना बोचकं घेऊ दिलं नाही. दारात पाय धुतले, आत आल्या, उभ्यानं चारी बाजूंना पाहिलं. आरशात स्वतःला पाहिलं. कागदाची फुलं पाहिली. मग बैठकीपाशी आल्या, बसल्या, आणि तळहातानं कडेचा दगड चाचपला.

"बैठक म्हंत्यात ती हीच व्हय?"

"हो," मी म्हटलं.

"उंच हाय."

"इकडं अशीच करतात."

"व्हय का," आत्याबाई म्हणाल्या, आणि बोचकं सोडायला लागल्या. पुढचे दोन दिवस तसेच गेले. सकाळी उठायच्या, चहा घ्यायच्या, बैठकीवर मांडी घालून बसायच्या आणि बघत राहायच्या. मी मात्र जिथं तिथं पदर सावरत त्यांच्या आणि भिंतीच्या मधे. कागद एका कोपऱ्यात जरा सुटला होता, त्यावर मी पाय ठेवून भाजी चिरायची. भाजी चिरायला मी तिथंच का बसते, हे त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं, जिंकलं.

आता तांबडीबद्दल सांगायला हवं. तांबडी ही मालकांची जुनी गाय. आमचा मधला डबा पूर्वी तिचा. ते मला माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की दिवस कलला की गुरं नदीकडून परत येतात, बाकीची सरळ परसात जातात, आणि ही एक आमच्या दारात थांबून माझ्याकडं टक लावून बघते. मी खराटा दाखवायची, मग ती निघून जायची. मला वाटायचं हिचा माझ्यावर राग आहे. ह्यांना एका नजरेत कळलं असतं, पण त्या वेळेला हे पाळीवर असत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्याबाई बैठकीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मी चुलीपाशी. दार उघडं. गुरं आली, घंटा वाजल्या. खराटा आत्याबाईंनीच सकाळी झाडून परसात ठेवलेला. मी उठेपर्यंत तांबडीनं उंबऱ्यावर पाय ठेवला, मान खाली करून शिंगं दारातून आत घेतली आणि सरळ आत आली. तिच्या मागनं तिचं वासरू. दहा बाय बाराच्या खोलीत मी, सासूबाई, गाय आणि वासरू.

मी काय बोलले ते आजही आठवलं की मलाच लाज वाटते. मी म्हणाले, "शेजारची आहे. येते कधीकधी बसायला."

आत्याबाईंनी सूप मांडीवरून बाजूला ठेवलं.

तांबडीनं आधी आरसा चाटला. मग नाक खाली नेलं, आत्याबाईंच्या पायांच्या मधोमध घातलं, मोठ्यानं हुंगलं आणि जीभ काढली. गाईची जीभ किती खरखरीत असते हे मला त्या दिवशी कळलं. एका चाटीत पहिला थर गेला. मग तिनं कागदाचं टोक दातात धरलं आणि मान वर केली. चर्र करून हातभर कपाट निघून आलं. तिनं ते डोळे मिटून चघळलं. खालचं पातळ निघालं, त्याखालचं निघालं, आणि माझ्या देखत दगड, पोपडे, खड्डा, सगळं उघडं पडलं. वासरू दुसऱ्या टोकानं सुरू झालं होतं. मी त्याची शेपटी धरून ओढत होते आणि ते हलत नव्हतं.

आत्याबाई खाली वाकल्या. भिंतीवरची खळ बोटानं खरवडून काढली, हुंगली, जिभेला लावली.

"कोंडा, गूळ आन पेंड," त्या म्हणाल्या. "पोरी, ह्याला आमी आंबोण म्हनतो, दुभत्या गाईला घालतो. गव्हानीला आंबोणाचा गिलावा करनारी तू पयलीच."

इतक्यात मालक आले, गाय शोधत. दारात उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं ते तसंच राहिलं. ते तांबडीच्या तोंडाकडं बघत नव्हते, मागं बघत होते. मीही बघितलं. तांबडीच्या आचळांतून दूध गळत होतं. माझ्या सारवलेल्या जमिनीवर, टप टप.

पुढचं मला नंतर समजलं. परसात हलवल्यापासून तांबडी पान्हा चोरत होती. म्हणजे कासेत दूध आहे पण सोडत नाही. मालकीणबाईंनी वासरू लावलं, मालकांनी अंगारा लावला, तिनं दाद दिली नाही. पत्र्याखालची नवी जागा तिला पसंत नव्हती. आणि इथं आपल्या गव्हाणीवर येऊन, आपलं आंबोण खाऊन, बाई मोकळी झाली होती.

"भांडं आन," आत्याबाई म्हणाल्या.

मी स्वयंपाकाचं पातेलं पुढं केलं. त्यांनी पदर खोचला, उकिडव्या बसल्या, तांबडीच्या मांडीला डोकं टेकवलं आणि धारा काढायला लागल्या. मालक दारात गालाला हात लावून. फिटर डावीकडच्या गव्हाणीतून मान घालून बघत होता, कोळशानं काळा झालेला. माझ्या खोलीत इतकी माणसं आणि जनावरं पुन्हा कधी जमली नाहीत, मुलांच्या लग्नातसुद्धा.

हे पाळीवरून आले तेव्हा आत्याबाई उघड्या फळ्यांवर बसल्या होत्या, हातात पातेलं. ह्यांनी भिंत बघितली, मला बघितलं. मी जमिनीकडं. माझी पेटी भरायला किती वेळ लागेल हे मी मनात मोजत होते.

"आई, ते असं झालं," हे बोलायला लागले.

"गप," आत्याबाई म्हणाल्या. "मला पाय ठेवल्या ठेवल्या कळलं व्हतं. चाळीस वर्सं वैरन टाकतीय, गव्हानीची उंची मला ठावं नसंल व्हय? म्हटलं बघू, किती दिस बसवत्यात मला गव्हानीत." मग ह्यांच्याकडं वळल्या. "आन तू रं. शेण काढाया नको म्हनून गाव सोडलंस, आन गोठ्यात येऊन ऱ्हायलास."

ह्यांना हसू आलं. मला नाही आलं. कारण त्यांनी घर आहे की नाही ते अजून सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालक स्वतः आले, टोपी घालून. त्यांनी ह्यांच्याशी नाही, आत्याबाईंशी बोलणं काढलं. तांबडी सकाळ-संध्याकाळ इथं येऊन धार देईल तर बरं होईल. बदल्यात रोज आमच्या घरी दूध. आत्याबाईंनी त्यांना बैठकीवर बसवलं, गव्हाणीच्या त्याच भागावर, आणि बाजारात बैल घ्यावा तसा सौदा केला. दूध पाहिजेच, पण चुनाही लावू द्यायचा. तीन खिळे. आणि पुढच्या भिंतीला एक खिडकी. मालक म्हणाले, खिडकी कशाला, उद्या गुरं आली की थंडी बाधंल. आत्याबाई म्हणाल्या, आज गाय आतच हाय की, तिला वारं नको व्हय? संध्याकाळी गवंडी आला.

मालक गेल्यावर आत्याबाईंनी मला समोर बसवलं.

"मी काय जलमभर हितं बसनार न्हाय धार काढाया. तुला येती का?"

"नाही."

"गाईला हात लावलाय कदी?"

"काल वासराची शेपटी धरली."

मग म्हणाल्या की गावी नेलं असतं तर तिथंही चुलीजवळच बसली असतीस, सहा महिन्यांत एकदा दावणीकडं फिरकली नाहीस हे मी बघत व्हते. आता ठरवलंय. धार काढता आली तर राहा. न्हाय आली तर माझ्याबरोबर चल, तिथं सात-आठ हायत शिकायला.

तीन आठवडे. रोज सकाळी फळ्या काढायच्या, गोधडी बाहेर वाळत टाकायची, आरसा उतरवायचा, कडीला तांबडीचं दावं अडकवायचं. धार झाली की शेण काढायचं, सारवायचं, फळ्या टाकायच्या, चादर अंथरायची, आरसा लावायचा. नऊ वाजता बैठक तयार. एकदा ह्यांचे सुपरवायझर अचानक घरी आले, त्यावर बसून चहा प्यायले, आणि दूध फार दाट आहे म्हणाले. तांबडी निघून जेमतेम घटका झाली होती.

पण मला धार येईना. बोटं दुखून यायची, पातेल्यात वाटीभरसुद्धा पडायचं नाही. तांबडी मान वळवून माझ्याकडं बघायची, पूर्वीसारखीच टक लावून. दोनदा तिनं पातेलं लाथेनं उडवलं, एकदा मला. मी थकून उठेपर्यंत आत्याबाई हात लावत नसत, मग उरलेली धार त्या काढायच्या. बैठकीच्या फळ्या भिंतीला टेकवून ठेवलेल्या असायच्या, त्यांना पाठ लावून त्या सुपारी चघळत बसत आणि म्हणत, "ओढू नगंस. घंटा न्हाय ती." किंवा, "तिच्याशी बोल. तोंड शिवलंय व्हय?"

काय बोलायचं गाईशी? मी तिला शेवटी सगळं सांगितलं. आत्याबाई ऐकताहेत हे विसरून. म्हटलं, बाई, तुझी जागा मी घेतली हे खरं, पण मी मागून नाही घेतली. मलाही इथंच राहायचंय. मला माघारी नाही जायचं. ह्यांना खानावळीचं सोसत नाही, आणि मला तिकडं एकटं सोसत नाही. तुला परसात जमत नाही, मला गावी जमत नाही. आपण दोघी मिळून राहू.

तांबडीनं शेपटी माझ्या तोंडावर मारली आणि पान्हा सोडला.

पातेल्यात पहिल्या धारेचा आवाज आला. मग दुसऱ्या. हात आपोआप चालायला लागले. पातेलं निम्मं भरेपर्यंत मी मान वर केली नाही. केली तेव्हा आत्याबाई उभ्या होत्या आणि आपलं बोचकं बांधत होत्या. हे दारात, नाइट शिफ्ट करून आलेले, डोळे लाल.

"दोन तिकिटं काढू का, आई?" ह्यांनी विचारलं. त्यांना काय झालंय ते कळलं नव्हतं.

आत्याबाईंनी बोचक्याची गाठ दातानं घट्ट केली.

"एकच काढ," म्हणाल्या. "आन चा ठेव तू. तिचे हात मोकळे न्हाईत."